लवकर सुटलेली गाडी

पहाटे ४.१०

मुक्कामाच्या गावात गजर लावायची वेळ येत नाही. आधी कोंबडा, मग कुणाच्या तरी गोठ्यातली म्हैस, आणि या दोघांनीही दगा दिला तर तात्यांचा खोकला. तात्या म्हणजे माझे ड्रायव्हर. ते गाडीच्या मागच्या लांब सीटवर झोपतात, मी मधल्या वाटेत सतरंजी टाकतो. उशाला कॅशची बॅग, बॅगेत तिकिटाचं मशीन. पावसाळ्यात गावकरी शाळेच्या पडवीत झोपायला बोलावतात, पण लोकांचे पैसे उशाला घेऊन उघड्यावर झोप लागत नाही. त्यापेक्षा गाडीतले डास परवडले.

हे गाव भोर तालुक्यातल्या हिरडस मावळातलं. नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता वर येतो आणि एका फाट्याला आत वळून इथे संपतो. संध्याकाळची शेवटची एसटी इथे मुक्कामाला थांबते आणि सकाळची पहिली एसटी म्हणून तीच खाली भोरला उतरते. आम्ही दोघं तिच्याबरोबर.

हल्ली गाडीत तरुण पोरांच्या हातात पुस्तकं दिसतात. यशस्वी माणसांच्या सवयी, अमुक दिवसांत आयुष्य बदला, असली. त्यातलं पहिलं कलम बहुतेक पहाटे उठण्याचं असतं. शेजारून वाकून मीही चार पानं वाचली आहेत. मला त्याची गंमत वाटते. नुसतं पहाटे उठून माणूस मोठा होत असता, तर या गावातली प्रत्येक बाई आज कारखानदार असती. मी चारला उठतो कारण गाडी साडेपाचची आहे. ती साडेसातची असती तर सहापर्यंत झोपलो असतो आणि त्याने माझं काही बिघडलं नसतं.

पहाटे ४.४५

अंगावर खाकी चढते, छातीवर बिल्ला लागतो. समोरच्या घरातून चहा येतो. त्याचे पैसे ती माऊली घेत नाही, म्हणून तात्या आठवड्याला भोरवरून चहापूड-साखरेचा पुडा आणून तिच्या ओट्यावर ठेवतात. यावर दोघांत कधी बोलणं झालेलं मी ऐकलेलं नाही.

चहा पिऊन तात्या टॉर्च आणि टॉमी घेऊन गाडीभोवती फिरतात. टॉमी म्हणजे चाक उघडायची लोखंडी कांब. प्रत्येक टायरवर एक ठोका. ठण्ण वाजला तर हवा आहे, धप्प वाजला तर गेली. पुढच्या दोन चाकांचं डोळ्यांना दिसतं. मागे मात्र एका अंगाला दोन-दोन टायर असतात. आतला बसला तरी बाहेरचा गाडी उचलून धरतो आणि वरून सगळं ठीक दिसतं. घाटात भरलेल्या गाडीचं वजन त्या एकट्यावर आलं की मग कळतं. म्हणून तात्या मागच्या बाजूला गुडघा टेकतात, हात आत घालतात आणि आतल्या टायरवर ठोका मारून कान देतात. धो धो पावसातही. नंतर इंजिनाखालची जमीन टॉर्चने बघायची, तेलाचा थेंब आहे का. मग इंजिन सुरू करून ब्रेकची हवा भरेपर्यंत काट्याकडे बघत बसायचं.

पंचवीस वर्षं विनाअपघात गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरचा महामंडळ सपत्नीक सत्कार करतं. तात्यांचा झाला तेव्हा कुणीतरी माईक पुढे धरून विचारलं, काय केलंत? तात्या म्हणाले, "काय न्हाय. घाई न्हाई केली." आणि खाली उतरले. टायरचं त्यांना सुचलंसुद्धा नाही. रोजचं काम ते, त्यात सांगायचं काय, असं त्यांना वाटलं असणार.

तोवर माझं मशीन सुरू करून होतं. चार्जिंग, तारीख, मार्ग. कागदाचा रोल किती उरलाय ते बघायचं आणि दोन रोल बॅगेत आहेत का ते हात घालून चाचपायचं. आहेत असं वाटणं वेगळं आणि हाताला लागणं वेगळं.

पहाटे ५.३०

आता खरी परीक्षा. पाच पंचवीसलाच गाडी भरलेली असते. दुधाचे कॅन चढलेले, त्यांचं लगेजचं तिकीट फाडून झालेलं. भोरला कॉलेजला जाणाऱ्या पोरी पुढे दाटीवाटीने बसलेल्या. तात्यांचा हात गिअरवर. कुणीतरी म्हणतंच, "मास्तर, चला की! आता कोण यायचं राहिलंय?"

आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. पण मास्तर घंटी मारत नाही. साडेपाच म्हणजे साडेपाच.

वेळ पाळायची म्हणजे उशीर करायचा नाही, असं सगळे धरून चालतात. एसटीत वेळेआधी सुटणं हा उशिरापेक्षा मोठा गुन्हा आहे. उशिरा आलेल्या गाडीला लोक शिव्या देतात, पण ती मिळते. लवकर सुटलेली गाडी मिळतच नाही. या गावाहून पुढची गाडी थेट अकराला. वरच्या वाडीतून बॅटरी घेऊन उतरणारी म्हातारी घड्याळावर भरवसा ठेवून निघालेली असते. तिला सरकारी दवाखान्यात नंबर लावायचा असतो. माझी चार मिनिटांची घाई तिचा अख्खा दिवस खाते. डेपोत नियंत्रक असतो, तिथे कुणी लवकर सुटत नाही. इथे बघायला कुणी नाही. आता गाडीत जीपीएस आलं, तेव्हा बघणारं काहीतरी आहे म्हणा. पण ते नव्हतं तेव्हाही मी थांबायचो, कारण मला ज्यांनी लाइनवर शिकवलं ते थांबायचे. घड्याळ हातात धरून दारात उभे राहायचे आणि लोकांच्या बडबडीकडे पाठ करायचे.

डबल बेल. गाडी सुटते.

सकाळी ७.१५

भोरला गाडी रिकामी होते आणि लगेच भरते. आता भोर ते स्वारगेट. ही फेरी म्हणजे दिवसाचा मुख्य डाव. नोकरदार, कॉलेजची पोरं, वेळू-शिंदेवाडीच्या कंपन्यांत जाणारे, पुण्याच्या दवाखान्यात निघालेले. कापूरहोळला हायवे लागेपर्यंत मागपर्यंत तिकीट पोचलं पाहिजे.

तिकीट फाडणं बघायला सोपं वाटतं. शाळेचा पास, मासिक पास, अर्धं तिकीट, पासष्टच्या वरचे अर्धे. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३पासून बायकांना सरसकट निम्मं भाडं. त्या मार्चनंतर माझी गाडीच बदलली. एरवी वर्षातून दोनदा जत्रेला माहेरी जाणाऱ्या बायका आता महिन्याला जातात. गर्दी वाढली म्हणून कुरकुरणारे आमच्यात पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. रिकाम्या गाडीचा कंडक्टर होण्यात काय सुख आहे?

पंचाहत्तरीच्या आजोबांना मी शून्य रुपयांचं तिकीट देतो. ते म्हणतात, "अरे, पैसे न्हाईत तर कागद कशाला घालवतो?" नव्या पोरांनाही हेच वाटतं. पण त्या कागदावरच सरकार महामंडळाला त्यांच्या प्रवासाची भरपाई देतं. तिकीट फाडलं नाही तर आजोबा गाडीत होते याला पुरावाच नाही. ज्यात पैसा नाही त्याचीही नोंद त्याच वेळी झाली पाहिजे. पुढच्या टप्प्यावर करू म्हटलं की पुढच्या टप्प्यावर वीस माणसं चढलेली असतात.

आणि सुट्टे. निम्म्या तिकिटांमुळे एक-दोन रुपयांच्या नाण्यांची ओढाताण कायमची झाली आहे. पहिले दहा जण शंभर-दोनशेच्या नोटा काढतात. आता क्यूआर कोड आहे, हायवेला तो चालतोही. खोऱ्यात मात्र रेंज गेली की गोल गोल फिरत बसतो आणि मागची रांग माझ्याकडे बघत राहते. मग जुनाच उपाय. तिकिटाच्या पाठीवर उरलेली रक्कम पेनाने लिहायची, भोवती गोल काढायचा आणि म्हणायचं, "उतरताना घ्या."

सकाळी ८.०५

चेलाडीला पुढून हात होतो. मार्ग तपासणीचं पथक. तिघं चढतात, एक जण मागे जातो. माझ्याकडून मशीन घेतात, डोकी मोजतात, एकेकाचं तिकीट बघतात. उभ्यांनी भरलेली गाडी एकदम गप्प होते. ज्यांच्याकडे तिकीट आहे तेसुद्धा घाबरून खिसे चाचपतात.

माझ्याबरोबर भरती झालेल्यांत एक फार हुशार होता. माझ्यापेक्षा हिशेबाला पक्का, बोलायला गोड. पुढच्याच स्टॉपला उतरणाऱ्याकडून पैसे घ्यायचे आणि तिकीट द्यायचं राहू द्यायचं, अशी त्याची सुरुवात झाली. रक्कम सांगितली तर हसाल, एका चहाची. उतरणाऱ्यालाही कागदाची पर्वा नसते. त्या चहाच्या पैशाने पुढे त्याची नोकरी नेली. पेन्शन वगैरे तर दूरच, गावात मान वर करून चालायचा तो राहिला नाही. लोक त्याला चोर म्हणतात. मला तो शब्द थोडा जड वाटतो. त्याला पैशाची हाव नव्हती, 'एवढ्याने काय होतं' ही सवय होती. हाव ओळखू येते आणि माणूस तिला घाबरतो तरी. या सवयीला कुणी घाबरत नाही.

पथक उतरतं, वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, सही होते, घंटी.

सकाळी ८.४०

शिंदेवाडी गेली की मी पुढून मागे एक चक्कर मारतो आणि मोठ्याने विचारतो, "कुणाचे पैसे राहिलेत? तिकीट उलटं करून बघा!"

यावरून सहकाऱ्यांत माझी थट्टा होते. बरेच जण मागितल्याशिवाय देत नाहीत. द्यायचे नसतात असं नाही, पण कात्रजला एकदम पंधरा माणसं उतरतात, त्यातले दोघं-तिघं विसरून जातात आणि ते विसरले तर बॅगेला बरंच. मी आधी विचारतो. त्यात माझा मोठेपणा नाही. मागायला लागलं की माणसाचा आवाज चढतो. दहा रुपयांसाठी मास्तरापुढे हात पसरायला कुणालाच आवडत नाही, त्यामुळे तो मागतो तेच भांडणाच्या सुरात. त्याने मागायच्या आत दिलं की तोच माणूस दुसऱ्या दिवशी सुट्टे काढून हातात तयार ठेवतो. हे मी पाहिलं आहे. देणं लागत असलेलं, समोरच्याने मागायच्या आत देऊन टाकायचं. माझ्या नोकरीत जे काही बरं झालं त्याचं निम्मं श्रेय मी याला देतो.

सवयींच्या पुस्तकवाल्या एका पोराने एकदा विचारलं, "मास्तर, तुमचं ध्येय काय?" वेळूच्या कंपनीत शिकाऊ होता. मी म्हटलं, "स्वारगेट." तो हसला. पण खरंच, गाडीत असताना माझं याच्या पलीकडे लक्ष नसतं आणि असूही नये.

सकाळी ९.००

स्वारगेट. अर्धा तास. चहा, पाव किंवा पोहे, तात्यांची तंबाखू. टेबलावर कुणी ना कुणी कुणाच्या तरी नावाने खडे फोडत असतं. ड्युटी, रजा, बदली. खोटं नसतं त्यातलं बरंच. मी ऐकतो, चहा संपवतो आणि उठतो. या टेबलावर नुसतं बसून निवृत्त झालेले मी पाहिले आहेत.

भिंतीवर वर्धापनदिनाचं जुनं पोस्टर आहे. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. ड्रायव्हर किसन राऊत, कंडक्टर लक्ष्मण केवटे. पहिल्या गाडीचा कंडक्टर म्हणून का होईना, आमच्या धंद्यातल्या एका माणसाचं नाव महाराष्ट्राने लक्षात ठेवलं, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

सकाळी ९.३५

परतीला गाडी निवांत असते. भांडणं मात्र याच फेरीत होतात, कारण लोकांना वेळ असतो. खेड शिवापूरला एक गृहस्थ चढले, दोन टप्प्यांचं तिकीट आणि हातात पाचशेची नोट. सुट्टे नाहीत म्हटल्यावर सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं बोलले. आम्ही कर भरतो, तुम्ही नोकर आमचे, वगैरे. मी नोट घेतली, तिकीट दिलं, मागे रक्कम लिहिली आणि नसरापूर फाट्याच्या चहावाल्याकडून सुट्टे आणून त्यांच्या हातात मोजून ठेवले.

पोटात मात्र जळत होतं. अशा वेळी मी काय करतो सांगतो. पुढे जाऊन माझ्या सीटवर बसतो. बाटलीतलं दोन घोट पाणी पितो. खिशातला रुमाल काढून मशीनची काच पुसतो, कोपऱ्यांसकट, सावकाश. तेवढ्यात टप्पा जातो. मगच उठतो. कारण पुढच्या स्टॉपला जी बाई कडेवर पोर घेऊन चढणार असते, तिचा या भांडणाशी काही संबंध नसतो. मला शिकवणारे मास्तर म्हणायचे, राग ज्या स्टॉपचा त्याच स्टॉपला उतरवावा, पुढचं तिकीट त्याला फाडू नये. ते स्वतः पानाचा डबा काढायचे. मी पान खात नाही, म्हणून काच पुसतो. माझ्या मशीनची काच डेपोत सगळ्यांत स्वच्छ असते आणि ते का, हे आता तुम्हाला कळलं.

दुपारी १२.००

भोर डेपो, कॅश. पाचशेच्या वेगळ्या, दोनशेच्या वेगळ्या, शंभर, पन्नास, वीस, दहा, सगळ्या नोटा एका तोंडाने. नाणी दहा-दहाच्या थप्पीने. मशीन किती म्हणतं आणि हातात किती, हे जुळलं पाहिजे. कमी पडले तर खिशातून भरायचे, हे कुणालाही पटतं. पण जास्त निघाले तरी जाब द्यावा लागतो, हे ऐकून लोक चकित होतात. जास्त कसे आले? कुणाला तिकीट दिलं नाही, की कुणाचे परत द्यायचे राहिले? म्हणून ड्युटीवर येतानाच स्वतःच्या खिशात किती आहेत ते लिहून द्यायचं असतं. आपला पैसा आणि लोकांचा पैसा एका खिशात गेले की मग कुणाचाच हिशेब लागत नाही.

ही पद्धत मला फार आवडते. कितीही वाईट दिवस असो, दुपारी बारा वाजता तो एका कागदावर मिटतो. उद्याचं वेबिल कोरं असतं. शेतात, राजकारणात ही सोय नाही.

दुपारी २.००

घर. जेवण, झोप. यात लिहिण्यासारखं काही नाही, पण ही झोप मी कुणालाही देत नाही. रात्री गाडीत डासांबरोबर काढलेली असते. भावकीतल्या लग्नांनाही दुपारी जात नाही. सुरुवातीला लोक रुसले, आता त्यांनी सवय करून घेतली.

संध्याकाळी ५.३०

बायको अंगणवाडीतून आलेली असते. धाकटी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. भिंतीला एक वही टांगलेली आहे. दूधवाला, किराणा, कुणाकडून उसने आणलेले, कुणाला दिलेले, सगळं त्या दिवशीचं त्या दिवशी. दुकानदाराचं महिनाअखेरचं बिल तो मागायला येण्याआधी चुकतं होतं, त्यामुळे अडीअडचणीला तो आमच्याकडे प्रश्न न विचारता माल देतो. वहीची सवय मी डेपोतून घरी आणली. घरातलं सगळंच काही तसं मिटत नाही म्हणा. नवराबायकोच्या भांडणाला वेबिल नसतं आणि हिच्याकडे जुन्या टप्प्यांची नोंद माझ्यापेक्षा पक्की असते.

धाकटीला मी उपदेश करत नाही. परवा तीच म्हणाली, "बाबा, वॉर्डात औषध दिलं की लगेच तक्त्यावर लिहायचं असतं. नंतर लिहू म्हणणाऱ्या मुलींना सिस्टर झापतात." मी म्हटलं, बरोबर झापतात.

रात्री ८.३०

उद्या दुपारी पुन्हा ड्युटी, रात्री पुन्हा मुक्काम. त्याची तयारी आज. हे एक काम मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. ओट्यावर पेपर पसरायचा आणि नाणी ओतायची. ग्रामदैवताच्या देवळातल्या दानपेटीची नाणी पुजारीबुवा मला नोटांच्या बदल्यात देतात, पानटपरीवालाही थोडी राखून ठेवतो. रुपयाची, दोनची, पाचची, दहाची. एकेक थप्पी पेपरच्या तुकड्यात गुंडाळायची. बॅगेत डावीकडे लहान नाणी, उजवीकडे मोठी, म्हणजे चालत्या गाडीत न बघता हात बरोबर जागी जातो. परवा सकाळी सुट्ट्यांवरून जी भांडणं व्हायची असतात, त्यातली बरीचशी इथेच मिटतात. तीही चालू गाडीच्या धक्क्यांत नव्हे, घरच्या पंख्याखाली बसून.

किती मोठा झालो या सगळ्यातून? निवृत्तीला थोडीच वर्षं उरली आहेत. सेवापुस्तकात लाल शेरा नाही, घरावर स्लॅब पडला, दोन मुलं शिकली. कंडक्टर म्हणून लागलो आणि कंडक्टर म्हणूनच उतरणार. मला हे पुरेसं आहे. ज्यांना पुरेसं वाटत नाही त्यांनी ती पुस्तकं जरूर वाचावीत, त्यातही काही चांगलं असेल.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. एसटीत चढताना सुट्टे पैसे काढून हातात ठेवा, पाचशेची नोट शेवटचा उपाय म्हणून खिशातच राहू द्या. आणि तिकिटाच्या मागे गोलात आकडा असेल तर उतरायच्या आत मागून घ्या. मास्तर चोर असतो म्हणून सांगत नाही. सत्तर माणसांत तोही विसरतो.